टेकलेल्या टाचा
बाळ दहा महिन्यांचं व्हतं तवा म्या पुन्हा कॉलेजात नाव घातलं. ढोकीकडचं लहानसं कॉलेज, खो-खोला पोरी बी कशाबशा जमलेल्या. सर म्हणले, "तू लग्नाआधी खेळायचीस ना?" म्या पटकन व्हय म्हणले, पर अजून घरी सांगायचं व्हतं.

सासूबाईला म्या आत्या म्हणते. आत्या म्हणल्या, "एक मॅच खेळ. लेकराला मी घेऊन बसते. पर दम लागून पडलीस तर खेळ बी बंद आन् कॉलेज बी बंद."

झालं, सगळं त्या एका मॅचवर आलं. आन् मॅच कुणासंगं? तालुक्याच्या मोठ्या कॉलेजासंगं, जिथं म्या आधी खेळायची.

त्यातली एक जुनी मैतरीण मला बघून वरडली, "अगं बया, तू? पळणार हायस का झोळी हालवणार?" सगळ्या खिदळल्या. म्या बी हसले.

मंग त्या पाठलागाला वळीनं बसल्या आन् माझं ध्यान त्यांच्या पायाकडं गेलं. खो-खोत बसायचं ते चवड्यावर, टाच उचलून, म्हंजी खो मिळाला की झटक्यात उठता येतं. ह्या तर टाचा टेकून निवांत गप्पा हाणत व्हत्या.

मला वळखीचं व्हतं ते. म्या बी तशीच बसायची. समोर तगडी टीम असली की कुणी सांगायला लागत नव्हतं, आन् लिंबूटिंबू असली की सर वरडून दमायचे, आमी नुसतं "व्हय सर" म्हणायचो. एकदा एका खेड्याच्या अनवाणी पोरींसमोर म्या अशीच बसले, खो आला, उठेस्तोर पोरगी खांबाला वळसा घालून पार. एका गुणानं हरलो.

म्या आमच्या पोरींना म्हणले, "त्यांच्या तोंडाकडं बघू नगा, टाचा बघा. टेकलेली दिसली की तिच्याच म्होरून पळायचं."

पळायला पहिल्या तिघीत म्या उतरले. दोघी लगीच बाद. म्या एकटी ऱ्हायले आन् त्या झोळीवाल्या मैतरिणीच्या म्होरूनच गेले. तिला खो मिळाला, ती हात टेकून उठतीय तवर म्या पल्याड. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. तोंड सुकलं, बरगडीत कळ आली, तिकडं बाळ रडाय लागलं, मला वाटलं आता पडते, आत्या बघत्यात, पडू नगंस, पडू नगंस. तवर त्यांचे सर ताडकन उठले, "टाचा उचला!" टाचा उचलल्या आन् म्या लगीच बाद झाले. पर येळ गेलती त्यांची. जरा येळानं त्यांच्या टाचा पुन्हा टेकल्या, आन् मागच्या पोरींनी बी तेच केलं. दोन गुणांनी जिंकलो.

म्या गुडघ्यावर हात ठिवून धापा टाकत व्हते. आत्या बाळाला घेऊन आल्या. त्या काय बोलायच्या आत म्याच म्हणले, "पडले न्हाय, आत्या."

"दिसलं की." बाळ माझ्याकडं देत त्या म्हणल्या, "म्होरली मॅच कवा हाय?"

आमची एक पोरगी मधीच बोलली, "सोपी हाय ती, मावशी. लिंबूटिंबू टीम हाय, डोळे झाकून जिंकू."

आत्यांनी तिच्या पायाकडं बघितलं. "डोळे झाक बाई," त्या म्हणल्या, "पर टाच उचलून बस."