चक्रवाकांची वही
नातीच्या दुर्बिणीच्या चामडी पट्ट्याचा वास आला आणि पवनेचा काठ आठवला. मी नवी सून, सासऱ्यांची भाकरी घेऊन मळ्यात गेले होते. चैत्राचं ऊन तापलेलं, आणि आमच्या बांधावर दुर्बीण लावून एक शहरी माणूस वहीत काहीतरी टिपत होता. "परतीची पाखरं बघतोय," तो म्हणाला. "पाखरं कुनी लिवून ठेवतं व्हय? कारखान्यासाठी जमीन हेरतोय ह्यो," म्हणत सासऱ्यांनी वही हिसकावली आणि माझ्या हातात दिली, घरात वाचता मलाच येत होतं. उघड्या पानावर लिहिलं होतं, ‘चक्रवाक बारा, उत्तरेकडे उडाले.’ "पाखरंच हायेत, मामंजी," मी म्हणाले. त्यांनी वही परत केली. वर्षाच्या आत मळ्यात कारखान्यासाठी मोजणीची साखळी पडली. मामंजींनी मरेपर्यंत माझ्याकडून एकही पत्र वाचून घेतलं नाही. तेव्हा त्यांचा राग यायचा; आता वाटतं, मी त्या वहीची पुढची पानं उलटायला हवी होती.