जेवढा आहे तेवढाच बंध

मिलोयका पिर्नातला राग यायला वेळ लागत नसे, हे आमच्या ल्युब्लियानातल्या संस्थेच्या दारवानालासुद्धा ठाऊक होतं. पण तिचा राग कधी उगाच नसायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. लोकांना काय, बाई भांडखोर म्हटलं की काम झालं.

मिलोयका एन्झाइमवर काम करायची. एन्झाइम म्हणजे जिवंत पेशीतले कामकरी. जी क्रिया आपोआप व्हायला वर्षं लागावीत, ती ते चुटकीसरशी उरकतात. कशी उरकतात, यावर शहाण्यांची भांडणं. मिलोयकाचं म्हणणं असं, की तिच्या एन्झाइमच्या पोटात एक हायड्रोजन बंध आहे आणि तो साधासुधा नाही. साध्या बंधात हायड्रोजन असतो एकाचा, शेजाऱ्याकडे नुसता कललेला. या बंधात तो दोघांच्या बरोब्बर मध्ये. दोन जावांच्या मध्ये बसलेलं पोर, हिचं की तिचं कळू नये, तसा. असा बंध घट्ट असतो आणि ऐन कामाच्या क्षणी एन्झाइमला हात देतो.

पण तो दिसायचा कसा? मोठ्या चुंबकाच्या यंत्रात नमुना ठेवला की त्यातल्या हायड्रोजनची शिखरं कागदावर उमटतात. नमुन्यात पाणीच पाणी, आणि पाण्याचं शिखर एवढं अवाढव्य की बाकीच्यांचा पत्ताच लागू नये. म्हणून सगळे आधी पाणी दाबून टाकतात. तिथेच फसतात. हा मधला हायड्रोजन पाण्याशी सारखी अदलाबदल करत असतो, त्यामुळे पाण्याबरोबर तोही दबतो.

"अहो, तुम्हीच त्याचा गळा दाबताय आणि वर म्हणताय दिसत नाही!" मिलोयका कळवळून सांगायची.

विभागप्रमुख प्रोफेसर वोदेब हसायचे. "काय मिलोयकाबाई, दिसलं का तुमचं भूत?" सकाळी दहाच्या खाण्याला, आंबट कोबीचं सूप भुरकत, सगळ्यांसमोर. सात वर्षं. तिला ना बढती हवी होती ना मानपत्र. त्या बंधाबद्दल जेवढं खरं तेवढंच बोललं जावं, एवढंच तिचं मागणं होतं. तेवढंही जड झालं लोकांना!

मग एका हिवाळ्यात, शहर धुक्यात बुडालेलं असताना, ती अदलाबदल मंदावावी म्हणून तिने नमुना गोठायच्या बेताला आणला, पाण्याला धक्का न लावता मोजमाप घेतलं, आणि कागदाच्या अगदी डाव्या टोकाला, जिथे कुणी बघायला जात नाही तिथे, एक शिखर उभं राहिलं.

नमुने तयार करणारी फानी तिची जुनी मैत्रीण. ती धावत आली. "अगं बाई! हाच का तो?"

"हाच मेला," मिलोयका म्हणाली आणि ढसाढसा रडली.

आता आमच्याकडची रीत अशी, की ज्याचं यश त्याने सगळ्यांना खाऊ घालायचं. यश मिलोयकाचं, पण खाऊ घातलं कुणी? वोदेबांनी! टेबलावर हॅम, किसलेला झणझणीत रानमुळा, पोतीत्सा म्हणजे अक्रोड भरलेला गोड गुंडाळीचा पाव, लाल वाइन. पेला उंचावून गृहस्थ म्हणतात, "या एकाच बंधावर अख्खं एन्झाइम चालतं! आम्ही ते शोधलं!" आम्ही! लाज नावाची चीज असते की नाही माणसाला?

"थांबा," मिलोयका म्हणाली, "बंध तोडून अजून पाहिलेलं नाही."

"पाहू हो सावकाश. आधी घास घ्या." सगळ्यांनी घेतला. आधी मेजवानी आणि मग परीक्षा, असा उलटा कारभार.

तिने परीक्षा घेतली. एन्झाइमच्या साखळीतला एकच दुवा असा बदलला की त्या हायड्रोजनला एका बाजूने धरायला कुणी उरलं नाही. शिखर गेलं. आता काम ठप्प व्हायला हवं होतं. पण ते चालूच! वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला, बस. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. वाईट वाटलं का? वाटलंच की. सात वर्षं ज्याच्यासाठी भांडली, तो राजा नव्हता, चांगल्यातला एक गडी होता.

ती वोदेबांकडे गेली. ते कागदावर नजर टाकून म्हणाले, "सोमवारच्या सभेत हे नको."

"का नको?"

"बाई, लोक माझ्याकडे जेवून गेले. अभिनंदन करून गेले. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"म्हणजे तुमचं हॅम लोकांनी खाल्लं, म्हणून एन्झाइमने तुमच्या मिठाला जागायचं?"

फानीने तिला जिन्यात गाठलं. "गप्प बस ना गं. तुझंच नाव मोठं होतंय."

"मोठं नाही, फुगवताहेत. मला नको."

सोमवारी सभागृह भरलेलं. वोदेब बोलले, टाळ्या झाल्या. मग झाग्रेबहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तो बंध तोडून पाहिलात का?"

"काम सुरू आहे," वोदेब म्हणाले.

मिलोयकाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उभी राहिली. "सुरू नाही, झालंय. मी केलंय. बंध खरा आहे, एन्झाइमला मदतही करतो. पण तो गेला तरी काम थांबत नाही. या घ्या मोजण्या." सगळे वोदेबांकडे बघत राहिले. त्या म्हाताऱ्या बाईंनी तेवढं शांतपणे लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या खाण्याला वोदेब ताजेतवाने. ब्रेड मोडत म्हणतात कसे, "मी तर पहिल्यापासून सांगत होतो, त्या बंधात काही दम नाही." आणि टेबलाभोवतीच्या माना डोलल्या! मेजवानीत पेले उंचावणारी तीच मंडळी!

मिलोयकाने चमचा आपटला. "बंध आहे! तो तोडला की एन्झाइम तिसऱ्या हिश्श्यावर येतं!"

"तेवढ्याने काय होतंय? किरकोळ."

"किरकोळ? मग पुढच्या महिन्यापासून तिसरा हिस्सा पगार घ्या, आणि मग सांगा मला किरकोळ म्हणजे किती ते!"

वोदेब उठून गेले, आणि विभागाच्या त्या वर्षीच्या अहवालात बंध सापडल्याचं एका ओळीतसुद्धा आलं नाही.