पेशीला गैरहजर

डायलिसिस सुरू झालं की मला जी हुडहुडी भरते, तिच्यापुढे निफाडची थंडी म्हणजे चैत्राचं ऊन. एकदा इतका थरथरलो की खाट चाकांवरून निघाली ती थेट गंगापूर रोडच्या सिग्नलला थांबली. सिस्टर म्हणतात, खाट भिंतीपर्यंतच गेली होती. सिस्टरना लांबचं दिसत नाही.

शेजारच्या खाटेवर मालेगावचे एक चाचा. सारा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांची कुजबुजही लिफ्टपर्यंत ऐकू जायची. नाशकात लेकीकडे मुक्काम आणि आमच्याकडे डायलिसिस. हुडहुडीत मला तोडीस तोड हाच एक माणूस.

एकदा डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं. मशीनच्या नळ्यांतून जाताना रक्तातल्या पांढऱ्या पेशींना वाटतं, कोणी परका घुसलाय. मग त्या भडकतात. रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध बदललं, तर कदाचित गप राहतील.

"चाचा, गुरुवारी नवं औषध. तेव्हा तुमच्या पेशी बघू, किती भडकल्यात ते," बाई चाचांना म्हणाल्या.

चाचांनी मान डोलावली. गुरुवारी खाट रिकामी.

लेकीचा फोन आला. अब्बा पहाटेच मालेगावला पळाले, पाय सुजलेत, दम लागतोय, तरी यायला तयार नाहीत. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "आज आले नाहीत तर पाणी फुप्फुसात चढेल," म्हणाल्या. माझा एक हात मशीनला बांधलेला. दुसऱ्याने मी चाचांना फोन लावला.

"पळालात का?"

"भाऊ, मेरी पेशी लगी है. शेजाऱ्याने भिंतीचा दावा ठोकला असणार. डॉक्टर बोलली ना, लोक भडकलेत म्हणून."

नाशकात पेशी रक्तात असते, मालेगावात कोर्टात. मी खरं काय ते सांगितलं.

"खून में पेशी? भाऊ, तुम तो खटिया सिग्नल तक ले गए थे."

खऱ्याला गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर मी माझ्या नेहमीच्या धंद्याला लागलो. "बरं, कोर्टच आहे. पण मी वकील लावलाय. बाई आहे. ती खाकरली तरी जज्ज उभा राहतो."

"काला कोट?"

"काळा साध्या वकिलांना. हिला पांढरा. फक्त तुम्हाला इथे खाटेवर आडवं पडून हजर राहावं लागेल. गैरहजर राहिलात तर भिंत गेली."

भिंतीचं नाव काढताच चाचा जीप करून निघाले. संध्याकाळी कडक इस्त्रीचा कुर्ता घालून, अत्तर लावून हजर. "आदाब, वकीलसाहिबा." बाई बिचकल्या, मी डोळा मारला. सुई टोचली, नवं औषध सुरू झालं, तपासणीला रक्त गेलं. हुडहुडी आलीच नाही. चाचा असे घोरले की खाली रिक्षावाल्यांनी इंजिनं तपासून घेतली.

पुढच्या खेपेला रिपोर्ट आला. पेशी पुष्कळ शांत होत्या, सूजही उतरली होती. बाई म्हणाल्या, "चाचा, तब्येत आता बरी."

"बरी?" चाचा ताडकन उठून बसले. उर्दूत बरी म्हणजे निर्दोष सुटका. मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त लिफ्टपर्यंत, त्यांनी विचारलं, "और वो पडोसी?"

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "त्याच्यावर अपील केलंय. निकाल लागेपर्यंत तुम्हाला दर खेपेला यावं लागेल."

अपील अजून चालू आहे. चाचा माझ्या आधी येऊन आडवे पडलेले असतात.