जाड आवाजाला पोट लागतं

माझ्या मामेसासऱ्यांनी जन्मात कधी एक वस्तू धड विकत घेतली नाही, आणि चुकून घेतलीच तर ती धड राहू दिली नाही. बायकोचे हे थोरले मामा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, असं रेल्वेचे कागद सांगत. प्रत्यक्षात वर्कशॉपच त्यांच्यासोबत रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या घरी येऊन राहिलं होतं. त्यांनी केलेल्या कूलरचा वारा असा की समोर निजलेल्या पाहुण्याची चादर सकाळी अंगणात सापडे. त्यांनी दाराला बसवलेली घंटा वाजली की शेजारच्या तीन घरांतली माणसं आपापली दारं उघडायला धावत. टेप नावाच्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. "फीत ताणली जाते, वीत ताणली जात नाही," असं म्हणून ते सगळं जग आपल्या विती-बोटांनी मोजत. 'बिघडलं' हा शब्द तर त्यांच्या घरात उच्चारायची सोय नव्हती. एकदा भर मे महिन्यात तो कूलर धूर सोडून गप्प झाला. मामींनी नुसतं "बिघडला वाटते" म्हटलं, तर मामा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. "बिघडला नाही तो, दम खाऊन राहिला," एवढंच तिसऱ्या दिवशी म्हणाले.

मी नोकरीच्या बदलीने नागपूरहून रायपूरला आलो, तेव्हा राज्य नवं होतं आणि राजधानी त्याहून नवी. जो तो जुनं पाडून नवं बांधत होता. मामांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानेही जुनं घर पाडून शेजारी शेजारी दोन घरं उठवली आणि दोन्हींच्या खाली मिळून एक प्रशस्त तळघर खणलं. समोरच्या बूढ़ा तालाबाची, त्या तलावाची, ओल येईल, असं सगळे सांगत होते. "राजधानीत राहून राहिलो आपण, तळघर पाहिजेच," हा मामांचा निकाल. मग वर जागा पुरत नाही म्हणून गणपतीही तळघरात बसू लागला. गणपती एकच, थोरल्यांचा. आरतीला ढोलकी मात्र धाकट्या मामांची. लहानपणापासून ती त्यांचीच होती, आणि लहानपणापासून ती आरतीच्या किंचित मागून चाले. इतकी वर्षं कुणी काही बोललं नव्हतं. पण नव्या घरातल्या पहिल्याच गणपतीत, भरल्या पाहुण्यांत मामा बोलून गेले, "तुही ढोलकी म्हणजे मालगाडी आहे बे. आरती स्टेशनात पोचली तरी ती आउटर सिग्नललेच उभी."

सगळे हसले. धाकटे मामाही हसले, ढोलकी उचलून घरी गेले, ती खुंटीला टांगली, आणि पुढच्या आठवड्यात गवंडी बोलावून तळघराच्या मधोमध विटांची भिंत घातली. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनात. रस्त्यात भेटले तर दोघेही मलाच विचारत, "काय म्हणता, जवाईबापू?" आणि मी नसलो तर तलावाकडे बघत पुढे जात.

ढोलकीवाचून आरती अगदी अळणी लागे. ही गोष्ट मामांना सर्वांत जास्त कळत होती, पण भाऊ हवा असं म्हणण्याची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी आजाराचं निदान यांत्रिक केलं. "आरतीतला खालचा आवाज गायब आहे," ते म्हणाले, "सबवूफर लावा लागते." म्हणजे नुसता जाड, घुमणारा आवाज काढणारा भला थोरला स्पीकर. त्यावर ढोलकीची तबकडी लावायची, की काम फत्ते. बाजारात तो तयार मिळतो असं मी सांगितल्यावर, मी त्यांना विकतची पुरणपोळी खायला सांगितली असावी, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग महिनाभर विचार करून त्यांनी सिद्धांत मांडला. "पहा, बारीक आवाजाले तोंड पुरते. जाड आवाजाले पोट लागते. स्पीकरच्या मागे जेवढी बंद, रिकामी जागा, तेवढा आवाज खोल. खोलीएवढी पेटी असन तर मग पाहाच लागत नाही." खोलीएवढी पेटी कुठून आणणार, असं मी विचारलं. मामांनी मधल्या भिंतीवर टिचकी मारली. भिंतीत स्पीकर बसवायचा, तोंड आपल्याकडे. "पोट त्याच्याकडे आहे," ते हळूच म्हणाले. "तुम्ही जा. तुम्ही जवाई, तुम्हाले तो नाही कसा म्हणन?"

लोक जावयाला पाटावर बसवतात, मला वकिलीला पाठवलं. मी भीत भीत मागणी सांगितली. धाकट्या मामांनी खुंटीवरच्या ढोलकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हव. पण दादाले सांगा, माह्या बाजूनं भोक मी पाडीन. त्यायच्या हाती छिन्नी देली तर घर पडन."

काम सुरू झालं. दोघे भाऊ भिंतीच्या दोन बाजूंना, आणि मी निरोप्या. जिना चढायचा, रस्त्यावर यायचं, दुसऱ्या दारातून आत शिरून दुसरा जिना उतरायचा, आणि सांगायचं, "मामा म्हणतात, मागच्या भिंतीपासून नऊ विती." परत येऊन सांगायचं, "ते म्हणतात, मोजल्या." माझे पाय भरून आले, पण एक साधी गोष्ट आम्हा तिघांच्याही ध्यानात आली नाही. थोरल्यांची वीत मोठी होती आणि धाकट्यांची लहान. दोघेही नऊ विती इमानाने मोजून वेगवेगळ्या जागी ठोकत होते. शेवटी मामांची छिन्नी पलीकडे निघाली ती धाकट्यांच्या भोकापासून चांगली हातभर दूर, आणि मधल्या विटांनी कंटाळून दोन्हीकडून एकदमच अंग टाकलं. धूळ बसली तेव्हा भिंतीला खिडकीएवढं खिंडार पडलं होतं, आणि त्यातून दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत होते, दोघांच्याही भुवया पांढऱ्या. मला वाटलं, आता भांडण होणार. मामा म्हणाले, "काहून बे, डोक्याले फडकं नाही बांधाव? सर्दी होते न तुले धुळीनं." धाकटे म्हणाले, "बांधतो, दादा."

खिंडारावर जाड प्लायची फळी नटबोल्टने आवळली आणि तिच्यात एकाऐवजी दोन स्पीकर बसवले. पहिल्या चाचणीला मामींच्या फडताळातली ताटं नाचू लागली आणि शेजारचे गृहस्थ बनियनवरच रस्त्यात आले. "भूकंप आया क्या, दादा?" "नहीं भैया," मामा अत्यानंदाने म्हणाले, "आरती है." त्या दिवसापासून धाकटे मामा रोज आपल्या बाजूला उतरून नट तपासत. त्यांच्या हिश्शातलं पोट होतं ना ते! पण भिंतीच्या आमच्या बाजूला काही ते आले नाहीत, आणि या, असं कुणी म्हटलं नाही.

गणपती आले. तळघर माणसांनी भरलं, निरांजन लागलं. भिंतीपलीकडे धाकटे मामा पाना घेऊन उभे असल्याची चाहूल होती. मामांनी बटणावर बोट ठेवलं, फळीकडे पाहिलं, बोट काढलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "बिघडला."

मामींनी हातातलं तबक खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी स्वतः बोल्ट काढले, मला फळी धरायला लावली आणि मोकळ्या खिंडारात तोंड घालून म्हणाले, "बिघडला रे. आता खालचा आवाज कुठून आणू मी?" पलीकडच्या जिन्यावर पावलं वाजली आणि वर गेली. मग तीच पावलं खाली आली. खिंडाराच्या काठावर ढोलकी टेकली.

ती पहिल्यासारखीच मागून आली. आणि आयुष्यात कुणाची इंचभर चूक खपवून न घेतलेले मामा आरती सावकाश म्हणू लागले, इतकी सावकाश की निरांजनात दोनदा तूप घालावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप फळी बसवून बटण दाबलं, तर ताटं पुन्हा नाचली. मामा जिन्यात उभे होते. "बिघडला म्हटलं न मी," ते दरडावून म्हणाले, आणि यंत्रावर कापड टाकून गेले. तो माणूस मला त्या दिवशी जितका आवडला, तितका त्याआधी कधी आवडला नव्हता.

मामा जाऊन आता दोन वर्षं झाली. खिंडार तसंच आहे. बुजवायचं नाव कुणी काढत नाही. यंदाही धाकटे मामा काठावर ढोलकी टेकून बसले, आणि काय नवल, त्यांचा प्रत्येक ठेका अगदी वेळेवर पडला. आरतीनंतर मी त्यांना तसं बोलून दाखवलं. त्यांनी ढोलकीच्या दोऱ्या सैल केल्या, तिच्यावर कापड घातलं.

"थांबणारा गेला न, जवाईबापू," ते म्हणाले. "आता मलेच धावा लागते."