जोतीरामचा पांढरा वाख

आष्ट्याकडच्या आमच्या गावात जोतीराम दोरवाला दोन गोष्टींत लय कडक. एक दोर आणि दुसरं लोकांचं पाप. ओढ्याकाठच्या ख्रिस्ती वस्तीत तो मंडळीचा पंच. कोण प्यालं, कुणी बायकोवर हात उचलला, कोण रविवारी देवळात आलं नाही, सगळं ह्याला तोंडपाठ.

दोर मात्र बघत राहावा असा. घायपाताची पानं ओढ्यात कुजत घालायची, मग ठेचून धुतली की वाख, म्हणजे दोराचा धागा, निघतो. दुसऱ्यांचा वाख पिवळट, जोतीरामचा दुधागत पांढरा. त्याचा त्याला तोरा होता. दोर वळायला दोन माणसं लागतात. जोतीराम वाख सोडत मागं सरायचा, आणि पीळ भरायची फिरकी वस्तीतल्या अर्जुनाच्या हातात.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात हंबीररावाच्या मोटेचा नवा नाडा, जोतीरामनंच वळलेला जाड दोर, तुटला. भरली मोट विहिरीत गेली, आणि धावेच्या उतारावरून मोट ओढणारा बैल तोंडावर आपटून पाय मोडून बसला. हंबीरराव तुटकं टोक घेऊन वस्तीत आला.

"जोत्या, नाडा वळलास का केळीचं सोपट रं?"

जोतीरामनं टोक हातात घेतलं, बघितलं आणि म्हणाला, "मालक, पीळ ढिला पडला. फिरकी अर्जुनाकडं हुती. पिऊन आला आसंल."

अर्जुना प्यायचा हे गावाला ठाऊक. मग कोण कशाला विचारतंय? मंडळीनं त्याला प्रभुभोजनातून बंद केलं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. आत भाकरीचा तुकडा आणि पेला फिरायचा, तेव्हा अर्जुना बाहेर निंबाखाली. फिरकीलाही त्याला कुणी बोलवेना. शेवटी त्यानं आणि त्याच्या बायकोनं, रंगुबाईनं, गाव सोडायचं ठरवलं. येत्या रविवारची प्रार्थना झाली की निघायचं.

शनिवारी जोतीरामनं आढ्याला खोचलेलं ते टोक काढलं. ढिल्या पिळाचा दोर उसवतो. हा तटकन तुटला होता. त्यानं वाख चिमटीत धरून चोळला. भुसा झाला.

त्याला सगळं आठवत होतं. पानं ओढ्यात टाकून तो मंडळीच्या सभेला सांगलीला गेला होता. तिथं आठ दिवस राहिला आणि पापावर भाषणही ठोकलं. तेवढे दिवस पानं उन्हानं तापलेल्या पाण्यात जादा कुजली. धुतानाच वाख मऊ लागला होता. पण असला पांढरा वाख जन्मात निघाला नव्हता. टाकवला नाही.

"कवापस्नं कुरवाळताय त्येला?" बायको हरणाबाई चुलीपासून म्हणाली.

"हरणे, बैल म्या पाडला."

"ठावं हाय मला."

"मग बोलली न्हाईस?"

"ऐकला असता व्हय? पंच तुमी!"

रविवारी भाकर मोडायच्या आधी पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे का. दर महिन्याला ह्या वेळी जोतीराम दुसऱ्यांकडं बघायचा. आज ते टोक घेऊन उभा राहिला.

"अर्जुनानं पीळ सोडला न्हवता. वाख माझा कुजला हुता." त्यानं टोक वर धरलं. "आन मला त्ये त्याच दिशी कळलं हुतं. हंबीररावासमोर टोक हातात घेतलं तवाच."

जोतीराम दारातनं बाहेर निंबापाशी आला. "अर्जुना, तू आत जा. मी बसतो निंबाखाली."

अर्जुना उठला. रागानं त्याची मान ताठ झाली होती. त्यानं ते टोक जोतीरामच्या हातातनं घेऊन चिमटीत चोळलं. मग म्हणाला, "तात्या, निंबाखाली जागा न्हाई. रंगीनं बोचकी ठेवल्यात."

"आरं पण..."

"त्या दिशी घोटभर घेतली हुती, ती खरीच. चला, सरका आत. दोगंबी बसू. पर ह्याच्याम्होरं वाख मी बघणार."

रंगुबाईनं बोचकी सोडली. नवऱ्याला शिव्या देत सोडली, पण सोडली.

सोमवारी जोतीरामनं हंबीररावालाही खरं सांगितलं. हंबीररावानं पुढं दोन वर्षं त्याचा दोर घेतला नाही. बरोबरच केलं. अर्जुना ओढ्यावर बसून वाख ताणून बघायचा, आणि जोतीराम मुकाट्यानं फिरकी फिरवायचा. तेव्हापासून त्यांचा दोर पिवळट निघायला लागला, पण तटकन कधी तुटला नाही.