दिव्याभोवतीचं कडं

माझ्यावर शिवाची कृपा झाली की नुसता गोळीचा परिणाम झाला, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. छातीचं नाव तर जपूनच घेतलेलं बरं, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. लातुरात माझं भांड्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी गल्ल्यावर बसल्या बसल्या छातीत असं धडधडायला लागलं, की जणू कुणी आत पितळी घागर जिन्यावरून सोडून दिली. दवाखान्यात ठेवलं, ठोके ताळ्यावर आणले आणि ते तसेच राहावेत म्हणून डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. "गोळी गुणाची आहे, पण खोड्याही करते. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, डोळे दाखवायचे, काही वेगळं वाटलं तर लगेच यायचं," असं त्यांनी बजावलं. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार. बरं वाटायला लागलं तसं वाटलं, आता दवाखान्यात जाणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. खरं तर मला कंटाळा आला होता; देवाचं नाव मी पुढे केलं.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं, ही आमची पूजा. चाळीस वर्षं माझी नजर इष्टलिंगावर आणि मन दुकानात असायचं. पण गेल्या वर्षी एका सकाळी समईकडे पाहिलं, तर ज्योतीभोवती निळसर-हिरवं कडं. डोळे चोळले तरी कडं जागेवरच. तळहाताकडे पाहिलं, तर इष्टलिंग हलत होतं. अगदी बारीक, पाण्यावरचं पान हलावं तसं. मी गहिवरून गेलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पूजेत माझ्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्या बाकी सगळ्या गोष्टींवर शंका घ्या, त्या पाण्यावर घेऊ नका.

तिथंच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, पण माझ्या पोटात काही टिकत नाही. दुपारपर्यंत निम्म्या गल्लीला आणि संध्याकाळी मठात सगळ्यांना कळलं. पुढे चेहऱ्यावर काळी-निळी झाक यायला लागली. मठातले एक जण म्हणाले, ही नीलकंठाची छाया. मी घरी येऊन ते बायकोला ऐकवलं. "अहो, नीलकंठ कसले? उन्हात बिनटोपीचं हिंडून करपलाव," ती म्हणाली. वैशाखात मला थंडी वाजायला लागली, तेव्हा मी शाल पांघरून वैराग्यावर बोलू लागलो. दुकानात भांड्यांवर यंत्रानं नावं मी स्वतः टाकतो. एका लग्नाच्या ताटांवर अक्षरं अशी उमटली, की नवरीचे वडील ताट माझ्या नाकापुढं धरून म्हणाले, "शेटजी, बैलगाडीत बसून नाव टाकलाव काय?" मी यंत्राला दोष दिला आणि नवं यंत्र आणलं. चार दिवसांत त्यालाही तीच सवय लागली. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. पूजेत हललं तो चमत्कार आणि दुकानात हललं तो यंत्राचा दोष, असा सोयीचा हिशोब मी मांडून बसलो होतो.

या चमत्काराची कीर्ती नांदेडपर्यंत गेली. माझी लेक तिथं दिलेली आहे. तिच्या सासूबाईंचं शिवभजनी मंडळ आहे. श्रावणातल्या सोमवारी तिथं येऊन 'अनुभव' सांगावा, असं बोलावणं आलं. बायको म्हणाली, "सांगून या, पण गोळ्यांची पिशवी विसरू नका." सकाळच्या एसटीनं निघालो. वाटेत मनातल्या मनात भाषण घोकत होतो. कुठं थांबायचं, कुठं गळा दाटून आणायचा, तेही ठरवत होतो.

अहमदपूरच्या स्टँडवर खिडकीतून चहा घेतला आणि त्यातला अर्धा शेजारच्या बाईंच्या लुगड्यावर सांडला. साठीच्या असतील, कपाळ मोकळं, मांडीवर पिशवी. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्या लुगड्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या.

"भाऊ, हात किती दिवसापासून कापायलेत?"

"कापत नाहीत अक्का. स्पंदन आहे ते," मी म्हणालो.

"दिव्याकडं बघितलं की भवती कडं दिसतं का? निळं-हिरवं?"

माझ्या अंगावर काटा आला. मठात नीट न सांगता आलेली गोष्ट ही अनोळखी बाई डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगत होती. मी हात जोडले आणि त्या अरुंद बाकात त्यांच्या पायाशी वाकलो. समोरच्या बाकाचा दांडा खाडकन कपाळावर बसला.

"अक्का, तुम्ही आहात तरी कोण?"

"मी भोकरची हाय. अन् पाया कशाला पडायलाव? ठोक्याची गोळी खाता न्हवं?"

मी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. त्यांनी ती लांब धरून उलटसुलट केली. "हीच. आमचे मालक हीच खायचे. अशेच हात कापायचे, असंच तोंड निळं पडायचं. लई थंडी वाजायची."

एवढंच. ज्योत, स्पंदन, नीलकंठ, वैराग्य, सगळं त्या चपट्या पट्टीत मावलं. मला आधी लाज वाटली आणि मग राग आला. कुणाचा आला, ते कळलं नाही. आणि त्या सकाळी आलेलं रडू? तेही गोळीचंच होतं का? बस सुरू झाली होती. मी पट्टी त्यांच्या हातातून घेतली आणि खिडकीबाहेर भिरकावायला हात उचलला.

अक्कांनी माझं मनगट धरलं. शेतात राबलेल्या हाताची पकड होती ती.

"आमच्या मालकानं बी असंच केलं. गोळीनं व्हायलंय म्हणून कळलं, अन् रागानं उकिरड्यावर फेकली. डाक्टरला इचारलं न्हाई. दिवाळीपर्यंत बरे होते. मग एक दिवस पाटावर बसले, ताट पुढं होतं..." दुसऱ्या हातानं त्यांनी पट्टी माझ्या पिशवीत सरकवली. मग म्हणाल्या, "बदलून मिळती भाऊ गोळी. पण डाक्टरच्या हातानं. आपल्या हातानं न्हाई."

लोहा गाव येईपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. मी पुन्हा काही करीन असं त्यांना वाटलं असावं, आणि माझा चेहरा बघता ते बरोबरच होतं. त्यांनी धरल्यावर हात थांबला होता. नांदेडच्या स्टँडवर त्या भोकरच्या गाडीकडे चालू लागल्या. दिवसभर बडबड करणाऱ्या मला त्यांचं नाव विचारायचं सुचलं नाही.

संध्याकाळी मंडळात सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. लेकीच्या सासूबाईंनी माझी ओळख अशी करून दिली, की क्षणभर मलाच माझं दर्शन घ्यावंसं वाटलं. पाठ केलेलं भाषण तोंडाशी होतं; कुणाला काही कळलं नसतं. पण मनगटावर ती पकड अजून जाणवत होती. मी हात वर करून दाखवला आणि म्हणालो, "इष्टलिंग हलतं असं सांगायला आलो होतो. सकाळी कळलं, हात हलतो." आणि ताटांपासून कपाळावरच्या टेंगळापर्यंत सगळं सांगून टाकलं. लोक पोट धरून हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मग पुढं बसलेली एक म्हातारी बोलली, "ते खरं हो. पण हात हलला नसता तर तुमचं मन तिथं बसलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी लेकीनं, "अप्पा, आता मान हलवू नका, चला," म्हणत डॉक्टरांकडे नेलं. रक्तात दोष निघाला. थायरॉईड मंदावलं होतं, थंडी त्याची. डोळ्यांच्या बाहुलीपुढं गोळीची बारीक पुटं साचली होती, कडं त्याचं. लातूरच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी गोळी बदलून दिली. पण म्हणाले, जुनी गोळी अंगात मुरून बसलीय. ती कित्येक महिने निघत राहील, हात लगेच थांबणार नाही.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी पूजेला बसलो आणि धसकलो. हात आधीसारखाच कापत होता, आणि आता तो हात आहे हे माहीत होतं. इष्टलिंग तळहाताच्या कडेला सरकलं. ते हातून पडणं यासारखी वाईट गोष्ट आमच्यात नाही. मला ते ठेवताही येईना, धरताही येईना. इतके दिवस मीच ते धरून होतो अशी माझी समजूत होती. मनात म्हणालो, देवा, आता तूच बघ.

शेजारी बायको आपली पूजा आटोपून इष्टलिंग गळ्यात घालत होती. काही न विचारता तिनं आपला तळहात माझ्या हाताखाली ठेवला.

"बघा निवांत," ती म्हणाली. "मी हाय."

तेव्हापासून रोज असंच चाललंय. सोमवारी एक बेलाचं पान भोकरच्या अक्कांसाठी वाहतो. नाव माहीत नाही, वाहताना मनगटावरची ती पकड आठवते. समईभोवतीचं कडं दिवसेंदिवस फिकट होत चाललंय. ते पुरतं जाईल तेव्हा मला आनंद होईल की वाईट वाटेल, काही सांगता येत नाही. इष्टलिंग अजून हलतं. पण मन दुकानात जात नाही. खाली दुसरा हात आहे.