काचेतून आलेलं ऊन

काचवाला बोलायला लागला की थांबत नाही, असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं. आणि तिला मधे थांबवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं त्याचं. दोघांची गाठ पडली ती एका वकिलाच्या कचेरीत. ती तिथे टायपिस्ट होती. खोली तळघरात, छताला लागून एक बुटकी खिडकी, आणि तिची तडकलेली काच बदलायला हा आलेला. "मॅडम, जरा टेबल सरकवता का?" एवढंच तो म्हणाला. टेबल दोघांनी मिळून सरकवलं. पुढे लग्न झालं, पण त्याच्या तोंडचं 'मॅडम' आणि 'तुम्ही' काही सुटलं नाही. तीही त्याला 'काचवाले' म्हणायची. शेजाऱ्यांना सुरुवातीला वाटायचं, नवराबायकोत काहीतरी बिनसलंय.

मूल झालं नाही. त्याचं जे रडायचं ते दोघांनी एकत्र रडून घेतलं आणि मग तो विषय कायमचा मिटवला.

आजार आला तो सकाळच्या वेळी, कोटाच्या बटणांवर. मॅडमना कामावर जायचं होतं आणि बटण काजात जाईना. बोटं सुजून टरटरली होती. "झोपेत हात दबला असेल," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीही तेच, आठवड्यानंतरही तेच. सकाळी उठलं की मुठी मिटलेल्या त्या मिटलेल्याच. काचवाला कोमट पाण्याचं पातेलं आणायचा, तिचे हात त्यात बुडवायचा आणि एकेक बोट हळूहळू सरळ करायचा. दुपारपर्यंत बोटं सैल पडायची. मलमं झाली, शेक झाला, कुणी सांगितलेलं तेल झालं. कचेरीत तिची टायपिंगची गती निम्म्यावर आली तेव्हा मात्र ती घाबरली, आणि दोघं सांध्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

डॉक्टरबाई शांत होत्या, सांगायला वेळ देणाऱ्या होत्या. "अंगात जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी लढतं," त्या म्हणाल्या. "लढाई होते तिथे सूज येते, आग होते. त्याला आम्ही दाह म्हणतो. काम झालं की तो विझायला हवा. तुमच्यात तो विझत नाही. जंतू नसतानाही तुमच्याच सांध्यांवर पेटत राहतो."

"म्हणजे माझंच शरीर माझ्यावर उठलंय?"

"तसंच काहीसं."

"सासू नव्हती ना मला," मॅडम म्हणाली, "ती कसर भरून निघाली."

डॉक्टरबाई मनापासून हसल्या. मग त्यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायच्या पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. दाह दाबून ठेवायचं काम या गोळ्यांचं. त्या चुकवायच्या नाहीत, ठरल्या वेळी रक्त तपासायला यायचं, असं बजावलं. शिवाय रक्तात डी जीवनसत्त्व फारच कमी निघालं होतं, त्याचीही गोळी दिली.

"या डीमुळेच झालं का हे सगळं?" काचवाल्याने विचारलं.

"ते छातीठोकपणे नाही सांगता येणार. डी कमी असलं की दाह वाढतो असं काही जण म्हणतात, आणि मुळात आजारामुळेच डी कमी होतं असंही असू शकतं. हाडांसाठी, स्नायूंसाठी ते भरून काढायचंच. पण ते भरलं म्हणजे हा आजार जाईल असं समजू नका."

काचवाल्याने यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. डी उन्हातून मिळतं आणि मॅडमचा अर्धा जन्म तळघरात गेलाय. दाह, रक्त, गोळ्या, हे सगळं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. ऊन मात्र त्याच्या धंद्यातलं होतं. घरात उजेड आणायचा, एवढंच तर तो आयुष्यभर करत आला होता.

थंडीचे दिवस जवळ आले होते. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीला सकाळचं ऊन भरपूर, पण वाराही बोचरा, आणि गार वाऱ्यात तिचे सांधे ठणकायचे. मग त्याने गच्चीला काचा लावायला घेतल्या. दिवसभर लोकांची कामं करून यायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या कामाला लागायचा. चौकटी त्याने स्वतः रंधा मारून गुळगुळीत केल्या. काचा निवडल्या त्या दुकानातल्या सगळ्यांत जाड, एकही बुडबुडा नसलेल्या. कडा अशा घासल्या की बोट फिरवलं तरी खरचटू नये. खोली पुरी झाली तेव्हा बाहेर वारा घोंगावत होता आणि आत पडदासुद्धा हलत नव्हता. त्याने आरामखुर्ची ठेवली, तिच्यावर उशी ठेवली, आणि तिला हाताला धरून आणलं.

"बसा मॅडम. सगळा सूर्य तुमचा."

ती बसली. ऊन अंगावर आलं, उबदार, सोनेरी. "बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

पिवळ्या गोळ्यांनी मात्र तिचे हाल होत. गोळी घेतली की दुसरा अख्खा दिवस मळमळीत जायचा, अन्नाचा वास नको व्हायचा. रोज सकाळी काचवाला विचारायचा, "आज कसं?" त्याचा चेहरा इतका आशेने भरलेला असायचा की 'कालच्यासारखंच' हे तिच्या तोंडून निघेना. "आज जरा बरं आहे," ती म्हणायची. कधी "मूठ लवकर उघडली आज." तो खूश होऊन गिऱ्हाइकांना सांगायचा, "औषधापेक्षा ऊन भारी आहे बघा." घरीही तेच सांगायचा. हळूहळू तिलाही वाटायला लागलं, असेलही. एका आठवड्यात गोळी राहिली आणि मळमळ आली नाही. पुढच्या आठवड्यात तिने ती ठेवूनच दिली. मग बाकीच्याही. तपासणीची वेळ आली की कचेरीतलं काम पुढे करायची.

हिवाळा सरता सरता तिला कोरडा खोकला लागला. जिना चढताना ती मधल्या मजल्यावर थांबायला लागली. "जरा शेजारीणबाईंशी बोलत होते," म्हणायची. एकदा काचवाला मागून आला तर शेजारीणबाईंचं दार बंद होतं आणि ती कठड्याला धरून धापा टाकत होती. त्याच दिवशी त्याने तिला डॉक्टरबाईंकडे नेलं.

रक्ताचे आकडे बघून डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी पडली. दाह वाढलेला, आणि डी तर पहिल्याहूनही खाली. "गोळ्या चालू आहेत ना?"

"चालू आहेत," उत्तर काचवाल्याने दिलं. "आणि वर रोज ऊन. तासन्‌तास बसतात. मी काचेची खोलीच करून दिलीय, वारा लागू नये म्हणून."

"काचा उघड्या असतात?"

"छे! एक फट नाही ठेवली."

डॉक्टरबाईंनी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं, की कातडीत डी तयार करणारे किरण काचेतून येत नाहीत. ऊब येते, उजेड येतो. ते तेवढे काचेलाच अडतात.

काचवाल्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. सगळी हयात त्या हातांनी काच कापली होती, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं.

"पण गोळ्या घेतल्या असत्या तर डी इतकं खाली गेलं नसतं," डॉक्टरबाई मॅडमकडे वळून म्हणाल्या.

मॅडम खाली बघत म्हणाली, "बंद केल्यात. सगळ्याच."

"का?" काचवाला म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघालं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होता," ती म्हणाली. "कसं सांगणार?"

घरी आल्यावर तो हातोडी घेऊन गच्चीकडे निघाला. ती दारात आडवी उभी राहिली. "खबरदार. माझी खोली आहे ती."

"उपयोग काय तिचा?"

"बसायला."

हातोडी त्याच्या हातून पडली, आणि तो तिथेच फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला.

औषधं पुन्हा सुरू झाली, नवी आणि जास्त जोराची. महिन्या-दीड महिन्यात बोटांची सूज उतरली. डीसुद्धा जागेवर आलं. तिला कोटाची बटणं लावता यायला लागली आणि तिने ती मुद्दाम त्याच्यासमोर उभं राहून लावून दाखवली. पण दाहाने फुफ्फुसं धरली होती. तिथे पडलेले व्रण भरून येणारे नव्हते. वर्ष निघालं, दुसऱ्या वर्षीचा हिवाळा मात्र तिने पार केला नाही. एका दुपारी आरामखुर्चीत, तो तिच्या पायांवर शाल टाकत असताना, ती गेली.

काचवाला नंतर एकटाच डॉक्टरबाईंकडे गेला. एवढंच विचारायला. "गोळ्या बंद केल्या नसत्या, तर वाचली असती?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "काही जणांना गोळ्या चालू असूनही हे होतं. तुमच्या समाधानासाठी खोटं सांगता येईल, पण मी सांगणार नाही. वाचली असती असंही नाही, नसती वाचली असंही नाही."

त्याने मान हलवली. ते 'माहीत नाही' त्याच्या छातीत तसंच बसून राहिलं. मेहुणीने, म्हणजे मॅडमच्या धाकट्या बहिणीने, त्याला तेराव्याच्या दिवशी चारचौघांत सुनावलं होतं, "तुमच्या त्या उन्हाच्या वेडापायी माझी बहीण गेली, भाऊजी." तेव्हापासून दोन वर्षं दोघांचं येणंजाणं बंद होतं.

आणि एक दिवस तिचाच फोन आला. ती म्हणाली, "भाऊजी, सकाळी माझी बोटं उघडत नाहीत."

त्याने तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंसमोर नेऊन बसवलं. तेच दुखणं, पण वेळेत सापडलेलं. तेव्हापासून दर रविवारी न चुकता तो तिच्या घरी जातो. पाण्याचा पेला भरून देतो, पिवळ्या गोळ्या हातावर ठेवतो आणि समोर उभा राहतो.

"घेतली?"

"घेतली हो भाऊजी."

"जीभ दाखव."

"मी काय शाळेत आहे का?"

"दाखव म्हणतो ना."

ती जीभ दाखवते. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, तिच्याही. मग सोमवारच्या मळमळीसाठी आणलेली लिंबं तो टेबलावर ठेवतो, आणि विचारतो, "कसं वाटतंय? खरं सांग. वाईट असेल तर वाईट सांग."

"वाईट," ती सांगते.

"बरं," तो म्हणतो, आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसतो.